दारातली वर्गणी आणि रस्त्यातलं अंतर

दुकानात पाऊल टाकण्यासाठी आधी पैसे भरायचे, असं आपल्याकडे कुणाला सांगितलं तर तो हसेल. वाचनालयाला वर्गणी असते, जिमखान्याला असते, आपल्या मराठी वाङ्मय मंडळालाही आहे. पण दुकानाला? दुकानदारानं तर 'या, बसा' म्हणायचं असतं. तरीही अमेरिकेत आणि कॅनडात कोट्यवधी कुटुंबं दरवर्षी अशी वर्गणी भरतात, आणि ती भरून झाली की गाडी काढून गावाबाहेरच्या एका गोदामवजा दुकानात महिन्याचा बाजार करायला जातात. बेळगाव-गोव्याकडून टोरांटो, मिसिसागाला गेलेले नातेवाईक तुमच्याकडे असतील, तर त्यांच्या पाकिटात हे कार्ड असण्याची शक्यता बरीच आहे. त्या दुकानाचं नाव कॉस्टको.

मी साहित्याची विद्यार्थिनी, पण 'भाव' या शब्दानं मला या विषयाकडे ओढलं. मराठीत भाव म्हणजे किंमतही आणि मनातली भावनाही. दुकानातला भाव फक्त मालावर ठरत नाही. गिऱ्हाईक कोण, ते कुठून येतं, परत येणार की नाही, यावरही तो ठरतो. वर्गणी घेणाऱ्या दुकानात हे फार स्वच्छ दिसतं. तिथला स्वस्त भाव दुकानदार फुकट देत नाही. त्याची किंमत गिऱ्हाइकानं दोन ठिकाणी आधीच मोजलेली असते: एकदा दारात, वर्गणी म्हणून, आणि एकदा रस्त्यात, अंतर म्हणून. ज्याला हे दोन्ही मोजता येत नाही, त्याच्यासाठी तो स्वस्त भाव नसतोच. हे कसं घडतं ते या लेखात सांगते.

सुरुवात एका हँगरात

ही कल्पना रुजवली सॉल प्राइस या गृहस्थांनी. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात विमानांच्या एका जुन्या हँगरात त्यांनी 'प्राइस क्लब' सुरू केला. तो छोट्या व्यावसायिकांसाठी होता. हॉटेलवाले, टपरीवाले, किरकोळ दुकानदार यांनी वर्षाला २५ डॉलर भरायचे आणि घाऊक दरात माल उचलायचा. सजावट नाही, जाहिरात नाही, पिशवीसुद्धा नाही. पहिल्या वर्षी तोटा झाला. मग सरकारी कर्मचारी आणि पतसंस्थांचे सभासद यांनाही प्रवेश दिला, आणि धंदा उभा राहिला.

प्राइस यांच्या हाताखाली तयार झालेले जिम सिनेगल यांनी जेफ्री ब्रॉटमन यांच्यासोबत १९८३ मध्ये सिएटल शहरात कॉस्टको काढलं. त्याच वर्षी वॉलमार्टच्या सॅम वॉल्टन यांनी प्राइस क्लबच्याच धर्तीवर 'सॅम्स क्लब' उघडला. १९९३ मध्ये प्राइस क्लब आणि कॉस्टको एकत्र झाले. आज अमेरिकेत या धंद्यातले दोन मोठे खेळाडू म्हणजे कॉस्टको आणि सॅम्स क्लब.

शंभर डॉलरचा हिशेब

आता आकडे बघू. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच आहे.

सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या आर्थिक वर्षात कॉस्टकोनं सुमारे २४,९६० कोटी डॉलरचा माल विकला. हा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून तो शंभर डॉलरवर आणू. शंभर डॉलरच्या विक्रीतले साधारण ८९ डॉलर मालाच्या खरेदीत गेले. ९ डॉलर पगार, वीज, दुकान चालवण्याचा बाकी खर्च यांत गेले. उरले जेमतेम २ डॉलर. एवढ्यावर एवढा पसारा चालवायचा म्हणजे तारेवरची कसरत. पण त्याच वर्षी वर्गणीतून कंपनीला सुमारे ४८० कोटी डॉलर मिळाले. म्हणजे प्रत्येक शंभर डॉलरच्या विक्रीमागे आणखी जवळजवळ २ डॉलर. व्यवसायातून झालेला नफा होता सुमारे ९३० कोटी, आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्तच हिस्सा वर्गणीचा.

थोडक्यात, नेहमीचा दुकानदार मालावर कमावतो, तर कॉस्टको निम्मं दारात कमावते. त्यामुळे आत मालावर फार कमावण्याची तिला गरज उरत नाही. कंपनीनं स्वतःलाच मर्यादा घालून घेतली आहे: दुसऱ्यांच्या ब्रँडच्या मालावर खरेदी किमतीच्या साधारण १४ टक्क्यांहून आणि स्वतःच्या 'कर्कलँड' ब्रँडवर १५ टक्क्यांहून जास्त चढवायचं नाही.

ही मर्यादा पाळायला कंपनीला काय भाग पाडतं? वर्गणीच. ती दरवर्षी नव्यानं भरायची असते. आत भाव वाढले, तर लोक पुढच्या वर्षी कार्डाचं नूतनीकरण करणार नाहीत, आणि निम्मा नफा दारातच अडेल. अमेरिका-कॅनडात दर शंभर सभासदांपैकी नव्वदहून जास्त पुन्हा पैसे भरतात. या नव्वदांना सांभाळणं हाच खरा धंदा.

वर्गणी काय काय करते

अर्थशास्त्रात याला दोन भागांची किंमत म्हणतात. आपल्या वीजबिलात असंच असतं: एक स्थिर आकार, तो दिवा लावा न लावा द्यायचाच, आणि वर जेवढी वीज जाळाल तेवढे युनिटचे पैसे. कॉस्टकोचा स्थिर आकार सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ६५ डॉलर आहे, आधी तो ६० होता.

हा ६५ चा आकडा सगळ्यांना सारखा दिसतो, पण सारखा पडत नाही. वर्षाला ५,००० डॉलरचा बाजार करणाऱ्या कुटुंबाला तो खरेदीच्या १.३ टक्के पडतो. ५०० डॉलरचाच बाजार करणाऱ्या एकट्या म्हातारीला तोच १३ टक्के पडतो. समजा आत भाव बाहेरच्यापेक्षा १० टक्क्यांनी कमी आहेत. मग वर्षाला ६५० डॉलरहून जास्त खरेदी करणाराच फायद्यात, त्याच्या खालचा तोट्यात. दारावर पाटी नसते, पण वर्गणी आपोआप निवड करते: मोठं कुटुंब, मोठी कमाई, मोठा फ्रिज असणारे आत येतात.

वर्गणी दुसरंही एक काम करते. पैसे भरून झाले की 'भरलेत तर वसूल करू' ही भावना जागी होते. मेसचे महिन्याचे पैसे आगाऊ भरलेली मुलगी बाहेर डोसा खायला जाताना दोनदा विचार करते, तसंच. कॉस्टकोचं १३० डॉलरचं वरच्या दर्जाचं कार्ड घेतलं तर बहुतेक खरेदीवर २ टक्के परत मिळतात. जास्तीचे ६५ डॉलर त्यातून भरून काढायचे तर वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी करायला हवी. ती मग माणूस इथेच करतो.

आणि इथे स्पर्धेचं रूप बदलतं. साध्या बाजारात दोन दुकानं साखरेच्या भावावर भांडतात. तुम्ही आज इकडे, उद्या तिकडे. वर्गणीच्या दुकानांत दोन्हीकडचे पैसे भरणारे थोडे, म्हणून भांडण अख्ख्या कुटुंबासाठी आणि अख्ख्या वर्षासाठी असतं. सॅम्स क्लबनं २०२२ मध्ये वर्गणी ४५ वरून ५० डॉलर केली, तरी ती कॉस्टकोच्या खालीच ठेवली. साखरेचा भाव एकवेळ तुम्ही विसराल, पण दारातला हा आकडा दरवर्षी समोर येतोच.

अंतर हीसुद्धा फी

आता रस्त्याकडे वळू. यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. फेस्ताच्या दिवशी चर्चच्या दारात मेणबत्ती घ्या. तीच मेणबत्ती बाजारात स्वस्त मिळते, हे आपल्याला ठाऊक असतं. विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण मिस्सा सुरू व्हायला पाच मिनिटं उरलेली असताना कोण बाजारात जाणार? तो मेणबत्तीबरोबर जागाही विकतो.

हॅरोल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अभ्यासकानं १९२९ मध्ये हीच गोष्ट गणितात मांडली. एका लांब रस्त्यावर घरं आहेत आणि दोन दुकानं आहेत, अशी कल्पना करा. एका दुकानानं भाव थोडा वाढवला, तर त्याची सगळी गिऱ्हाइकं दुसरीकडे पळत नाहीत. जवळ राहणारे तिथेच घेतात, कारण चालत जाण्याचा त्रास भावातल्या फरकापेक्षा मोठा असतो. म्हणून प्रत्येक दुकानदार आपल्या गल्लीपुरता थोडासा राजा असतो. त्याचं राज्य किती मोठं, हे पलीकडचं दुकान किती लांब आहे यावर ठरतं.

बेळगावचाच हिशेब करू. समजा गल्लीतल्या दुकानात साबणाची वडी ४२ रुपयांना आहे आणि रविवार पेठेत ३८ ला. वडीमागे ४ रुपये वाचतात. जाऊन येऊन रिक्षाचे १२० रुपये धरले, तर भाडं निघायला ३० वड्या घ्याव्या लागतील. एक वडी हवी असेल तर गल्लीतलं दुकानच स्वस्त. ३० हून जास्त हव्या असतील तर पेठ.

कॉस्टकोची सगळी रचना या गणितावर उभी आहे. तिचं एक दुकान सरासरी दीड लाख चौरस फुटांच्या आसपास असतं. एवढी जागा आणि पार्किंग शहराच्या मध्यभागी परवडत नाही, म्हणून दुकानं बहुधा मोठ्या रस्त्यांलगत, उपनगरांत असतात. २०२४ मध्ये जगभरात मिळून ती फक्त ८९० होती. आत मालाचे प्रकार ४,००० पेक्षा कमी ठेवतात, नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये ते काही दहा हजारांवर असतात. प्रकार कमी, म्हणून प्रत्येकाची खरेदी प्रचंड, म्हणून उत्पादकाशी घासाघीस करता येते. आणि पाकिटं मोठी, कारण लांबून आलेला माणूस छोटं पाकीट घेऊन परत गेला तर त्याला येणं परवडणार नाही. वर्गणी, अंतर आणि मोठं पाकीट ही एकाच साच्यातली आहेत. तिन्ही एकच सांगतात: क्वचित ये, पण भरपूर ने.

जागेचा स्पर्धेवर किती परिणाम होतो, याचं अलास्कातल्या फेअरबँक्स गावाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. जानेवारी २०१८ मध्ये सॅम्स क्लबनं अमेरिकेतली ६३ दुकानं एकदम बंद केली. त्यांत अलास्कातली तिन्ही होती, आणि त्यांतलं एक फेअरबँक्सचं. तिथून सर्वांत जवळचं मोठं शहर अँकरेज, रस्त्यानं साडेपाचशे किलोमीटरहून दूर. दुकान गेलं आणि तिथल्या लोकांचा घाऊक भावच गेला. कार्ड हातात असून काय उपयोग? त्याच वर्षाच्या शेवटी कॉस्टकोनं त्याच रिकाम्या इमारतीत आपलं दुकान उघडलं. एवढ्या लांबच्या गावात जो येऊन बसेल, त्याला तसा प्रतिस्पर्धी मिळणं कठीण.

आपल्याकडे काय झालं

भारतात दुकानाचं कार्ड आलं, पण वेगळ्या कारणानं. जर्मनीच्या मेट्रो कंपनीनं २००३ मध्ये बेंगळूरुला पहिलं 'कॅश अँड कॅरी' दुकान उघडलं. तिथे शिरायला कार्ड लागायचं, आणि ते मिळायला व्यवसायाची नोंदणी दाखवावी लागायची. परदेशी कंपनीला घाऊक व्यापाराला परवानगी होती, घरगुती गिऱ्हाइकाला सगळ्या ब्रँडचा माल थेट विकायला नव्हती. म्हणजे कॉस्टकोचं कार्ड कमाईचं, तर इथलं कार्ड कायद्याची रेघ आखणारं. पुढे मेट्रोनं आपली ३१ दुकानं रिलायन्सला २,८५० कोटी रुपयांना विकली. तो व्यवहार २०२३ मध्ये पूर्ण झाला.

डी-मार्टनं तिसराच रस्ता धरला. २००२ मध्ये मुंबईतल्या पवईत पहिलं दुकान निघालं. वर्गणी नाही, दार सगळ्यांना उघडं. मग स्वस्त भाव कुठून? एक मोठं कारण जागा हेच. बहुतेक दुकानं कंपनी भाड्यानं न घेता स्वतःच्या मालकीच्या जागेत चालवते. दर महिन्याचं भाडं नाही, आणि जागेचे दर वाढले तरी साबणाच्या भावावर त्याचा भार येत नाही.

आणि अॅमेझॉन प्राइम तर आपल्यातल्या अनेकांच्या फोनमध्येच आहे. भारतात ते २०१६ मध्ये वर्षाला ४९९ रुपयांत आलं, २०२१ च्या अखेरीस १,४९९ झालं. इथे वर्गणी अंतर विकत घेते. पोचवण्याचा खर्च एकदाच भरून टाकला की दुकान जणू आपल्या उंबऱ्यावर येतं. मग चार्जरची वायर घ्यायलाही आपण कोपऱ्यावर जात नाही.

स्वस्त कुणासाठी

इथवर सगळं हुशारीचं वाटतं, आणि ते आहेही. पण वर्गणीला आगाऊ रक्कम लागते, अंतराला गाडी लागते आणि मोठ्या पाकिटाला घरात जागा लागते. आमच्या गल्लीत भांडी घासायला येणाऱ्या मावशी रोज संध्याकाळी दुकानातून दहा रुपयांचं तेल आणि पाव किलो साखर नेतात. लिटरच्या हिशेबानं पाहिलं तर त्या माझ्या आईपेक्षा महाग तेल खातात. त्यांना गणित येत नाही असं नाही. पाच लिटरच्या डब्याचे पैसे एका दिवशी हातात नसतात, एवढंच.

डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांचा अभ्यास करून एक पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'गरीब जास्त मोजतात' अशा अर्थाचं होतं. तिथले लोक टिकाऊ वस्तू उधारीवर, वस्तीतल्याच दुकानदारांकडून घेत, आणि त्या महाग पडत. बाहेरच्या मोठ्या दुकानात त्यांना उधार कोण देणार?

मात्र गल्लीतल्या दुकानदाराला मी लगेच खलनायक करणार नाही. त्याच्या जास्तीच्या चार रुपयांत बरंच काही असतं. तो सुटं देतो. रात्री नऊला दार ठोठावलं तरी देतो. 'वहीत लिहून ठेवा, पगाराला देते' म्हटलं की लिहून ठेवतो, त्यावर व्याज लावत नाही, आणि कधीकधी ते पैसे बुडतातही. त्याच्या 'भावा'त दुसराही भाव मिसळलेला असतो.

प्रश्न उभा राहतो तो वर्गणी भरू शकणारी माणसं त्याला सोडून जातात तेव्हा. महिन्याचा मोठा, रोखीचा बाजार ज्यांचा, ती घरं आधी जातात. मागे राहतात उधारीवाले आणि दहा रुपयांचं तेल नेणारे. दुकानाचं भाडं तेच, वीज तीच, गिऱ्हाइकं कमी. मग उरलेल्यांसाठी भाव वाढवायचा किंवा दुकान बंद करायचं. स्पर्धेनं भाव उतरतात हे आपण पाठ केलेलं असतं. पण ते उतरतात ज्याला दुसऱ्या दुकानात जाता येतं त्याच्यासाठी. ज्याला जाता येत नाही, त्याच्यापर्यंत स्पर्धा पोचतच नाही.

सभासद म्हणजे कोण

कॉस्टकोचे साडेसात कोटींहून जास्त सभासद आहेत असं म्हणतात तेव्हा मी त्या शब्दापाशी थबकते. सभासद म्हणजे जो सभेत बसतो तो. कॉस्टकोच्या सभासदाला सभा नाही, फक्त दार आहे.

शब्दाचा जुना अर्थ ठेवणारी दुकानंही होऊन गेली. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात १८४४ मध्ये २८ जणांनी, त्यांतले बरेच विणकर, प्रत्येकी एका पौंडाचा भाग घालून दुकान काढलं. पीठ, साखर, लोणी, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. भाव बाजाराचा, पण उरलेला नफा ज्यानं जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. मत प्रत्येकाला एकच. त्यांनीही उधारी ठेवली नव्हती, म्हणजे अगदी हातावर पोट असलेला तिथेही बाहेरच राहिला असणार. पण दारात भरलेला पैसा दुकानाच्या मालकीचा वाटा होता.

आपल्या भाषेतलं उदाहरण १९७५ पासून चालू असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचं. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी आगाऊ देतात, माल एकत्र घाऊक खरेदी होतो आणि संघापाशी येऊन पोचतो. वाटप सभासदच करतात. दुकानच नाही, त्यामुळे दुकानाचं भाडंही नाही. एका घराला जी मोठी खरेदी आणि जे अंतर झेपत नाही, ते शेजारी मिळून वाटून घेतात.

आपण विद्यार्थी आहोत, आपला बाजार छोटा. पण 'सभासद व्हा आणि वाचवा' असं फोनवर दर आठवड्याला येतं, तेव्हा एक साधा हिशेब करता येतो. वर्षाची वर्गणी घ्या आणि एका खरेदीत खरोखर किती वाचतं त्यानं भागा. १,४९९ रुपयांची वर्गणी असेल आणि दर खरेदीला ४० रुपये वाचत असतील, तर ३८ वेळा खरेदी केल्यावरच पहिला रुपया वाचतो. वर्षात तेवढ्या वेळा तुम्हाला खरंच काही लागतं का, की वर्गणी भरली म्हणून लागायला लागतं?

आणि साबण हवाच असेल, तर वसतिगृहातल्या आठ जणींनी चार-चार वड्यांची एक यादी करावी. दोघींनी रविवार पेठेत जाऊन यावं. ३२ वड्यांवर १२८ रुपये वाचतात, रिक्षाला १२० जातात. म्हणजे फक्त साबणासाठी जाऊ नये, यादीत तेल, कपड्यांची पावडर, चहा आणि बिस्किटंही घालावीत. आठ जणींत भाडं प्रत्येकी १५ रुपये पडतं. महिनाअखेरीला जिच्याकडे तेही नसतील, तिचे पुढच्या महिन्यात घ्यावेत.